तोंडी शब्दावर केलेल्या सेवेचे पैसे मागता येतात का? (अमळनेर, एक घर आणि आमची मावशी)

बोरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

माझी मावशी साठीच्या आसपासची, पारोळा तालुक्यातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अमळनेरला एक नाना होते. सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन, स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर. त्यांनाही मूल नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे जिजींना लकवा झाला, तेव्हा ओळखीतून निरोप आला आणि मावशी त्यांच्याकडे राहायला गेली. नातं काहीच नाही.

सुरुवातीला महिन्याचा पगार ठरला होता आणि दोन-तीन वर्षं तो हातात मिळतही होता. पुढे जिजींनी अंथरूण धरलं, औषधांचा खर्च वाढला. तेव्हा नाना म्हणाले, "तुझे पैसे माझ्याकडे जमा राहू दे. तुला इथं काय लागतं? शेवटी हे घर तुझ्याच नावावर करून देतो." मावशी हो म्हणाली. त्यानंतर दहा वर्षांच्या वर तिला मिळालं ते म्हणजे दिवाळीला लुगडं, आजारपणात औषधपाणी आणि गावाला जाताना शे-पाचशे रुपये. जिजींचं हगणं-मुतणं तिनं काढलं. त्या गेल्यावर नानांची साखर, पायाची न भरणारी जखम, रात्रीबेरात्रीचं उठणं-बसणं, तेही तिनंच.

नाना या पावसाळ्यात गेले. सुरतेहून पुतण्या आला, दिवस करून घेतले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, महिनाभरात खोली खाली करा. राहायला मिळालं, खायला मिळालं, आणखी काय पाहिजे?"

कागद एकही नाही. ना करार, ना मृत्युपत्र. तिला काही मागता येईल का? का "देव बघून घेईल" म्हणून गप्प बसायचं?

पांझरेचं_पाणी

बारा वर्षांच्या वर राहिली ना? मग घर तिचंच झालं. ताबा सोडू नका, कुलूप लावून बसा. माझ्या माहितीत एकाने असंच केलं.

झामरूभो

तोंडना शब्दले आते कोन इचारस भो. पन एक सांगू का, आखाजीले चार मानसंसमोर साल ठरस, तठे कागद कोठे राहस? तरी पैसा बुडत नही.

केळीबाग_रावेर

झामरूभोंशी सहमत. आमच्याकडे अजूनही सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. रक्कम, वर्षाचं धान्य, कपडे, उचल किती, सगळं तोंडी. शब्द फिरवला तर पुढच्या आखाजीला त्या माणसाच्या शेतात कोणी पाय ठेवत नाही, हाच त्याचा कायदा. पण त्यात एक गोष्ट आहे जी मावशीच्या बाबतीत नव्हती. साल वर्षाला संपतं, हिशोब तिथल्या तिथे होतो. दहा वर्षांचं साल मी कधी ऐकलं नाही. आणि ज्याने शब्द दिला तोच गेला, तर गावात कोणाची लाज धरणार? पुतण्या सुरतेला. त्याला अमळनेरच्या ओट्यावर बसायचंच नाही.

सुरतकर_खान्देशी

मी पण सुरतेत राहतो आणि मी पण एकाचा पुतण्या आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

माझ्या काकांकडे एक बाई आहेत. पगार दर महिन्याला मी इथून पाठवतो. काकांचं वय झालंय, ते प्रत्येकाला म्हणतात "हे सगळं तुझंच". दूधवाल्यालाही म्हणतात. उद्या काका गेले आणि त्या बाई म्हणाल्या की मला घर द्यायचं ठरलं होतं, तर मी काय करू? मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. त्यामुळे नुसतं "नाना म्हणाले होते" यावर घर जाऊ लागलं तर उद्या म्हाताऱ्यांकडे कोणी बाई ठेवणारच नाही. पुतण्या लगेच वाईट ठरत नाही एवढंच म्हणणं.

वकीलताई_धुळे

दिवाणी कामं करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जेवण आटोपून बसले आहे.

आधी पांझरेचं_पाणी यांचा सल्ला बाजूला ठेवा. बारा वर्षांचा प्रतिकूल ताबा हा मालकाच्या विरोधात, त्याच्या नाकावर टिच्चून ठेवलेला ताबा असतो. मावशी नानांच्या परवानगीने, त्यांच्या कामासाठी तिथे राहत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस या गोव्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की नोकर, राखणदार, काळजीवाहू माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्या जागेत त्याचा हक्क तयार होत नाही. त्याचा ताबा हा मालकाचाच ताबा. कुलूप लावून बसलात तर खरा दावाही बिघडतो, कारण मग समोरचा कोर्टात सांगतो की बघा, हिचा डोळा पहिल्यापासून घरावर होता.

आता नानांचा शब्द. "माझ्या पश्चात घर तुझं" हे मृत्युपत्राचं काम आहे. त्याला लिखाण, सही आणि दोन साक्षीदार लागतात, भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३. जिवंतपणी देऊन टाकायचं असतं तर बक्षीसपत्र, तेही नोंदणीकृत, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२३. दोन्ही नाही. तोंडी कराराने घर देण्याचा दावा कागदोपत्री अशक्य नाही, पण पुरावा इतका पक्का लागतो की मी कुणाला त्यात पैसे घाला असं सांगणार नाही. घर गेलं असंच धरून चला.

मात्र कष्टाचे पैसे गेले असं धरू नका. इथेच बहुतेक लोक गफलत करतात. घर मिळणार नाही म्हटलं की सगळंच सोडून देतात.

भारतीय करार कायदा १८७२ मध्ये पगारावर काम करण्याचा करार लेखीच हवा असं कुठेही नाही. तोंडी करार चालतो, सिद्ध करता आला पाहिजे एवढंच. आणि करार नीट सिद्ध झाला नाही तरी कलम ७० आहे. कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर फायदा घेणाऱ्याने भरपाई द्यायची. १९६२ साली पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तीन अटी सांगितल्या. त्यात तर सरकारने रीतसर करार न करता बांधकाम करून घेतलं होतं आणि तरी पैसे द्यावे लागले. दाव्यात दोन्ही मुद्दे घालायचे: करार आहे, आणि करार नाही असं कोर्टाला वाटलं तर कलम ७०.

मग सगळं अडतं "फुकट करण्याचा हेतू नव्हता" यावर. पुतण्या म्हणणार, घरच्यासारखी राहत होती, मायेने केलं. त्यावर तुमचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे नानांचा तो घराचा शब्दच. त्या शब्दाने घर मिळत नाही, पण मावशी मोबदल्याच्या भरवशावर राबत होती हे त्यातून दिसतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार हातात मिळाला, हेही तेच दाखवतं. पहिली तीन वर्षं नोकर आणि पुढची दहा वर्षं देवमाणूस, असं कोणी होत नाही.

सुरतकरभाऊ, तुमची भीती रास्त आहे आणि कायदाही तिच्याच बाजूने झुकलेला आहे. म्हणूनच घराला कागद लागतो. पण तुम्ही दर महिन्याला बँकेतून पाठवता ना? मग तुमच्यावर पगार थकल्याचा दावा उभाच राहणार नाही.

सुरतकर_खान्देशी

गुगल पे करतो, पण बाईंच्या मुलाच्या नंबरवर.

वकीलताई_धुळे

ते बदला. बाईंच्या स्वतःच्या खात्यावर. नाहीतर उद्या त्या म्हणतील मला काही मिळालंच नाही, आणि ते खरंही असू शकेल.

बोरीकाठ

ताई, मनापासून आभार. मी काल अमळनेरला जाऊन मावशीला बसवून विचारलं. काही गोष्टी हाती लागल्या, काही नाही.

नानांना हिशोबाची सवय होती. त्यांची एक लांब वही आहे, दूध, पेपर, वीजबिल, सगळं त्यांच्या अक्षरात. त्यात बरीच वर्षं महिन्याअखेरीला "बाईंचे जमा" असं लिहून आकडा टाकलाय. पगार जो ठरला होता तोच आकडा, मधे एकदा वाढवलाय. शेवटची दीड-दोन वर्षं नोंद नाही, तेव्हा नानांना लिहवत नव्हतं. सही कुठेच नाही. वही मावशीच्या ट्रंकेत आहे. पुतण्याला माहीत नाही.

दुसरं, कोपऱ्यावरचा किराणावाला. नाना त्याच्या दुकानात बसायचे. त्याच्यासमोर ते अनेकदा म्हणालेत की हिचे इतके वर्षांचे पैसे माझ्याकडे आहेत, घर देऊन फेडणार आहे. तिसरं, दवाखान्याच्या कागदांवर नातेवाईक म्हणून मावशीची सही. चौथं, नानांचा माझ्या मोबाईलवर आलेला एक व्हॉइस मेसेज, त्यात "तुझ्या मावशीचं मी बुडवणार नाही" एवढंच आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. दहा वर्षांचे सगळे पैसे मागता येतील का?

शहादेकर_सून

मधेच शिरते, माफ करा. मी माझ्या सासऱ्यांचं सहा वर्षं केलं. नोकरी सोडून. दीर मुंबईला, महिन्याला फोन. सासरे सगळ्यांसमोर म्हणाले होते की शेताचा मोठा वाटा हिला. आता वाटणीला दोघा भावांचं बरोबर निम्मं. मला पैसे नकोत, पण कोणी त्याची किंमत तरी करावी की नाही? मावशीला कलम ७० लागतं तर मला का नाही?

वकीलताई_धुळे

शहादेकर ताई, तुमचा प्रश्न मावशीपेक्षा अवघड आहे आणि उत्तर आवडणारं नाही. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाचं केलं की कोर्ट सहसा धरून चालतं की ते मायेने, नात्याने केलं. त्यात कायदेशीर देवाणघेवाणीचा हेतू नव्हता. हा विचार आला इंग्लंडमधून, १९१९ च्या बाल्फोर खटल्यातून. सिलोनमध्ये नोकरी करणाऱ्या नवऱ्याने बायकोला महिन्याला तीस पौंड द्यायचं कबूल केलं होतं. कोर्ट म्हणालं, नवराबायकोतला हा शब्द करार म्हणून धरायचाच नसतो. शंभर वर्षं उलटली, पण आपल्याकडच्या कोर्टात हा खटला आजही निघतो. मला व्यक्तिशः तो जुनाट वाटतो, पण माझ्या वाटण्याने निकाल लागत नाही.

तरी एक फट आहे, करार कायद्याचं कलम २५ (२). तुमच्यासाठी कुणी स्वतःहून आधीच काही केलं आणि नंतर तुम्ही त्याची भरपाई द्यायचं वचन दिलं, तर ते वचन बांधील. कायद्यातच उदाहरण आहे: एकाने दुसऱ्याच्या लहान मुलाला सांभाळलं, बापाने नंतर खर्च द्यायचं कबूल केलं, तो करार ठरतो. मात्र वचन ठरावीक आणि सिद्ध होण्यासारखं हवं. "मोठा वाटा" हे फार सैल आहे, आणि शेतजमीन तोंडी जातच नाही. सासऱ्यांचं स्वतःचं काही असेल आणि मृत्युपत्र केलं असेल तर गोष्ट वेगळी. ते आहेत का अजून?

शहादेकर_सून

नाही. गेल्या माघात गेले.

वकीलताई_धुळे

मग तुमच्या वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत की नाहीत ते मला खाजगीत कळवा. इथे नको.

आता बोरीकाठ. ती वही सोन्यासारखी आहे. आज रात्री तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, तारखेसह, आणि मूळ वही नानांच्या घराबाहेर, तुमच्या ताब्यात आणा. मृत माणसाने स्वतःच्या नुकसानीचं, म्हणजे "मी देणं लागतो" असं लिहून ठेवलेलं असेल, तर ते पुराव्यात घेता येतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ३२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम २६. किराणावाल्याला नाना जे बोलले ते त्याच वर्गात बसतं. व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. तो कोर्टात द्यायला याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेईल.

मुदतीचं मात्र दुखणं आहे. थकलेल्या पगाराला मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७ प्रमाणे तीन वर्षं, ती पगार देय झाल्यापासून. म्हणजे पुतण्याचा वकील म्हणणार, मागच्या तीन वर्षांचंच बोला, आधीचं मेलं. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सही करून कबुली दिली असेल तर कलम १८ प्रमाणे तीन वर्षं नव्याने सुरू होतात. पण वहीत सही नाही म्हणता, तेव्हा तो रस्ता बंद. शे-पाचशे दिले ते पगारापोटी दिले असं नानांच्या अक्षरात लिहिलेलं असतं तर कलम १९ चा उपयोग झाला असता. बघा वहीत तसं काही मिळतंय का.

आपलं उत्तर असं की इथे महिन्याच्या महिन्याला पगार देय नव्हताच. तो करार नंतर बदलला. पैसे नानांकडे जमा ठेवायचे आणि शेवटी एकरकमी, घराच्या रूपाने फेडायचे, असं दोघांत ठरलं. तेव्हा देणं देय झालं ते नाना गेल्यावर, किंवा पुतण्याने नाही म्हटलं तेव्हा. "बाईंचे जमा" ही नोंद नेमकी याच बदललेल्या कराराची खूण आहे. कोर्ट हे मानेलच असं मी सांगत नाही. पण मांडणी पहिल्या नोटिशीपासून अशीच हवी. नोटिशीत "दहा वर्षांचा थकलेला पगार" असं लिहिलंत की गेलात. अर्जनवीसाकडून लिहून घेऊ नका, हात जोडून सांगते.

मोबदला नंतर देण्याच्या वचनाबद्दल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, १८९५ चा, सिंधा श्री गणपतसिंगजी विरुद्ध अब्राहम. एकाने दुसऱ्याची त्याच्या सांगण्यावरून सेवा केली. सेवा घेणारा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असताना ती सुरू झाली, तो सज्ञान झाल्यावरही चालू राहिली. पुढे त्याने या सेवेबद्दल वर्षासन, म्हणजे दरवर्षी ठरावीक रक्कम, द्यायचं कबूल केलं. कोर्टाने ते वचन बंधनकारक मानलं. आधी करून झालेली सेवाही मोबदला ठरते, फक्त ती समोरच्याच्या इच्छेने केलेली हवी. मावशीला नानांनीच बोलावून घेतलं होतं ना, इथे ते कामाला येतं.

निवृत्त_महसुली

वकीलताईंनी सगळं छान सांगितलं. मी आयुष्य फेरफार लिहिण्यात घालवलं, म्हणून मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. हा पुतण्या वारस आहे हे कोणी ठरवलं? नानांना भाऊ-बहीण कोणी हयात आहे का?

बोरीकाठ

भाऊ गेला, म्हणजे पुतण्याचे वडील. एक बहीण आहे, नंदुरबारला असतात. ऐंशीच्या पुढे. तेराव्याला आल्या नव्हत्या, पाय मोडलाय.

निवृत्त_महसुली

हेच म्हणत होतो. हिंदू वारसा कायदा १९५६. बायको, मूल, आई कोणी नसेल तर वर्ग दोनचे वारस, आणि त्यात वरच्या नोंदीतला माणूस असला की खालच्याला काही मिळत नाही. भाऊ आणि बहीण दुसऱ्या नोंदीत, भावाचा मुलगा चौथ्या नोंदीत. घर नानांच्या स्वकमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर सगळं घर त्या नंदुरबारच्या बाईंचं. पुतण्याचा त्यात छदाम नाही. तो ज्या तोऱ्यात महिनाभराची मुदत देतोय, ती द्यायचा त्याला अधिकारच नाही.

वकीलताई_धुळे

वा! हे माझ्या डोक्यात आलं होतं, पण नातेवाईकांची यादी विचारायची राहून गेली. अगदी बरोबर. म्हणजे नोटीस द्यायची ती नंदुरबारच्या आजींना. पुतण्याने घरातलं सामान, पेन्शनच्या खात्यातले पैसे वगैरे काही उचललं असेल तर त्यालाही. करार कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे माणूस गेला तरी त्याचं वचन त्याच्या वारसांवर येतं, पण वारसाने स्वतःच्या खिशातून द्यायचं नसतं. नानांकडून जे आलं, तेवढ्यापुरतंच.

पांझरेचं_पाणी, आता कळलं ना कुलूप लावून बसणं का नको? मावशी आजींच्या परवानगीने तिथे राहिली तर पुतण्या तिला हलवू शकत नाही.

पांझरेचं_पाणी

कळलं. पण मी ज्याचं सांगितलं त्याचं काम झालं होतं.

केळीबाग_रावेर

त्याचं काम झालं कारण समोरच्याने कोर्टात जायचा कंटाळा केला असेल.

बोरीकाठ

नवीन बातमी. नंदुरबारला जाऊन आलो. आजी माझ्याशी तासभर बोलल्या. म्हणाल्या, "नाना मला फोनवर सांगायचा, तिचे पैसे द्यायचे आहेत म्हणून. तिचे कष्ट बुडवायचे नाहीत. पण घर आमच्या घराण्यातच राहिलं पाहिजे, ते मी कुणाला देणार नाही." म्हटलं, आजी, घर आम्ही मागतच नाही. तेव्हा जरा निवळल्या. तोवर त्यांच्या मुलाने आतून आवाज दिला की आई, काही कबूल करू नकोस. मग विषय बदलला.

इकडे पुतण्याने सिटी सर्व्हेला वारस नोंदीचा अर्ज टाकलाय असं कळलं. त्यात आजींचं नाव आहे की नाही माहीत नाही.

निवृत्त_महसुली

अर्जाची नक्कल काढा. हरकत आजींनी घ्यायला हवी, मावशी मालकी सांगत नाही म्हणून तिची हरकत टिकणार नाही. फार घाबरायचं कारण नाही. नोंदीने मालकी ठरत नसते, पण प्रॉपर्टी कार्डावर एकट्याचं नाव लागलं की उद्या तो विकायला निघतो आणि मग घेणाराही भांडणात येतो. आजींच्या मुलाला हे सांगा. आईने कबूल करू नये म्हणणारा माणूस आईचं घर जातंय म्हटल्यावर लगेच उठेल.

सुरतकर_खान्देशी

हे मात्र खरं बोललात.

वकीलताई_धुळे

आजी आणि त्यांचा मुलगा तडजोडीला तयार असतील तर दाव्याआधीच लोकअदालतीत जाता येतं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. मावशीला वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वकील कसा मिळतो हे नशिबावर, हेही सांगून ठेवते.

आकड्याबद्दल: नाना वहीत जो आकडा लिहीत होते तोच धरा. शेवटची दीड-दोन वर्षं नोंद नाही, तिथे शेवटचा आकडा. आज रात्रंदिवसाच्या बाईला काय मिळतं तो दर लावून फुगवू नका. राहणं-खाणं मिळत होतं हे समोरचा मांडणारच, आणि ठरलेला पगार राहण्या-खाण्याच्या वरचा होता हे तुम्हाला वहीच्या जुन्या पानांवरून दाखवता येईल. कारण ज्या वर्षांत पगार हातात मिळत होता तेव्हाही ती तिथेच राहत-जेवत होती.

आणि मावशीला सांगा, कुठल्याही कागदावर अंगठा-सही नाही. "काही देणे-घेणे नाही" असा एक कागद पुतण्या घेऊन येईल, पाच-दहा हजार हातात ठेवेल. येतातच.

जामनेरची_लेक

माझ्या आईकडे चार वर्षांपासून एक ताई राहतात. हा धागा वाचून झोप उडाली. आम्ही पगार देतो, पण आई पण त्यांना "तुला गळ्यातलं देईन" म्हणत असते. काय लिहून ठेवू? स्टँप पेपर लागतो का?

वकीलताई_धुळे

साधा करारनामा करायचा तर महाराष्ट्रात आता पाचशेचा स्टँप. पण तुमच्यासाठी मी एक वही सुचवेन. दर महिन्याला रक्कम, तारीख, त्यांची सही. पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. रक्कम त्यांच्या खात्यावर टाकत असाल तर उत्तमच. पहिल्या पानावर चार ओळी: काम काय, पगार किती, राहणं-खाणं त्यात धरलेलं नाही, सुट्टी किती, मागचं काही थकलेलं नाही किंवा इतकं थकलंय. दोघींच्या सह्या आणि शेजारच्या कोणाची तरी.

गळ्यातल्याचं आईला खरंच द्यायचं असेल तर आत्ताच, सगळ्या भावंडांसमोर हातात देऊन टाकू दे. दागिना हातात देऊन बक्षीस होतो, त्याला नोंदणी लागत नाही. मागे ठेवायचं असेल तर मृत्युपत्रात लिहू दे. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार, पण त्या ताईंना लिहिताना खोलीत बसवू नका. जिला मिळणार तीच मृत्युपत्र करवून घेताना हजर होती, हे पुढे संशयाचं कारण होतं.

जामनेरची_लेक

भावंडांसमोर म्हणजे वहिनीसमोर पण. बघते.

झामरूभो

वहिनी बठेल शे म्हनजे व्हयनं काम. 😄

बोरीकाठ

वही आणली. ताई, तुम्ही म्हणालात ते शोधलं. दोन ठिकाणी "बाईंना गावी जाताना ५००, जमेतून वजा" असं नानांच्या अक्षरात आहे! एक नोंद सव्वादोन वर्षांपूर्वीची आहे.

वकीलताई_धुळे

"जमेतून वजा" हे शब्द आहेत? नक्की? मग कलम १९ पुन्हा उघडलं. देणेकऱ्याने देण्यापोटी काही रक्कम दिली आणि तसं त्याच्या हातचं लिखाण आहे, तर त्या तारखेला जे मुदतीत होतं त्याला पुढे तीन वर्षं मिळतात. सगळी दहा वर्षं एवढ्यावर वाचतील असं नाही, पण "जमा"चा करार सिद्ध करायला याहून चांगली ओळ मी तरी मागणार नाही. त्या दोन पानांचे फोटो मला पाठवा, इथे टाकू नका.

बोरीकाठ

पाठवतो. किराणावाला पण साक्ष द्यायला तयार आहे. फक्त म्हणतो, बाजाराच्या दिवशी तारीख नको.

वकीलताई_धुळे

तारीख कोर्ट त्याला विचारून देत नाही. नाना त्याच्या दुकानातून उधारीवर माल घ्यायचे का? घेत असतील तर त्याची खतावणीही बघून घ्या, माल कोण घेऊन जायचं त्याच्या सह्या असतील.